डायनासोरवरच्या पुस्तकांचा संग्रह: कोणती आवृत्ती घ्यावी आणि कोकणात ती टिकवावी कशी?

रत्नागिरीकर_वाचक

नमस्कार मंडळी. डायनासोर आणि प्रागैतिहासिक जीवांवरची चाळीसेक पुस्तकं जमली आहेत. पण त्याला संग्रह म्हणवत नाही, ढीग आहे नुसता. मुलांचे चित्रकोश, दोन-तीन जाडजूड संदर्भग्रंथ, काही रद्दीतून उचललेली. आता वर्षाला साधारण पंधरा हजार रुपये बाजूला काढून नीट घडी बसवायची आहे. प्रश्न असे:

१) एकाच पुस्तकाच्या चार-चार आवृत्त्या दिसतात. घ्यायची कोणती, आणि पहिली छपाई ओळखायची कशी?
२) जुन्या पुस्तकांतलं विज्ञान आता चुकीचं ठरलंय. ती ठेवावीत की काढून टाकावीत?
३) भारतातल्या डायनासोरांवर, त्यातही आपल्या विदर्भातल्या, काय मिळतं?
४) इथला पावसाळा तुम्हाला ठाऊक आहेच. कपाट लोखंडी आहे, तरी कुबट वास येतो आणि कसरही दिसली.

---

पानमोजणी

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं त्यावर ठरतं. या विषयात पुस्तक दहा-पंधरा वर्षांत शिळं होतं. शिळं झालं म्हणून काढायला बसलात तर कपाटात काहीच उरणार नाही. उलट कुठल्या साली लोकांना काय वाटत होतं, हे त्या पुस्तकात जसंच्या तसं गोठलेलं असतं, आणि जमवण्यासारखं नेमकं तेच आहे. मात्र एक धागा धरा. चित्रकारांचा धरा, संशोधनाच्या टप्प्यांचा धरा, नाहीतर भारताचा. पंधरा हजारांत तिन्ही धरलेत तर पुन्हा ढीगच होईल.

टप्प्यांचा धागा धरलात तर खुणा साधारण अशा. १९६९ साली जॉन ऑस्ट्रॉम यांनी डायनोनिकसचं वर्णन केलं आणि चपळ डायनासोर पुन्हा चर्चेत आले. तोच मुद्दा रॉबर्ट बॅकर यांनी १९८६ च्या 'द डायनासोर हेरेसीज'मध्ये वाजतगाजत मांडला. त्याआधीचं, शेपूट फरपटणारे सुस्त डायनासोर दाखवणारं एखादं पुस्तक आणि नंतरचं हे, दोन्ही शेजारी असली की जोडी जमते. १९८० मध्ये डायनासोर अशनीपाताने संपले ही कल्पना आली, १९९६ मध्ये चीनमधला पिसांचा सायनोसॉरोप्टेरिक्स आणि २०१० मध्ये जीवाश्मातल्या रंगकणांवरून रंग ओळखणं. प्रत्येक टप्प्याच्या अलीकडचं एक आणि पलीकडचं एक घ्या. दहा-बारा पुस्तकांत कणा तयार होतो.

साल न छापलेलं पुस्तक हाती आलं तर आत बघून अंदाज येतो. टी. रेक्स कांगारूसारखा शेपटीवर रेलून उभा असेल तर चित्र बहुधा सत्तरीच्या आधीच्या समजुतीचं. ओव्हिरॅप्टर अंडी चोरताना दाखवला असेल तर मजकूर १९९३ च्या आधीचा धरा, कारण त्या साली 'चोरलेल्या' अंड्यांसारख्याच अंड्यात त्याच्याच कुळातला गर्भ सापडला. डायनासोर ६.५ कोटी वर्षांपूर्वी संपले असं लिहिलं असेल तर ते जुनं, ६.६ असेल तर साधारण २०१२ नंतरचं. ब्राँटोसॉरस या नावावर मात्र विसंबू नका. हा अपॅटोसॉरसच आहे असं एल्मर रिग्ज यांनी १९०३ मध्येच दाखवलं होतं, तरी लोकप्रिय पुस्तकांनी ते नाव पुढे कित्येक दशकं सोडलं नाही, आणि २०१५ च्या एका अभ्यासाने ते परत आणलं. म्हणजे ते नाव १९५० च्या पुस्तकातही सापडेल आणि २०२० च्याही.

मुलांच्या चित्रकोशांत आणखी एक गंमत असते. कॉपीराइटच्या पानावर २००८, पण आतली चित्रं १९८५ ची, दुसऱ्या प्रकाशनाकडून उचललेली. त्यामुळे वहीत मजकुराचं साल आणि चित्रांचं साल वेगवेगळं लिहा.

आता छपाई. आवृत्ती वेगळी आणि छपाई (तीच आवृत्ती पुन्हा छापणं) वेगळी, घोडं इथेच पेंड खातं. कॉपीराइटच्या पानावर तळाशी आकड्यांची ओळ असते, १० ९ ८ ७ पासून १ पर्यंत, किंवा १ ३ ५ ७ ९ १० ८ ६ ४ २ अशी विस्कटलेली. त्यातला सगळ्यात लहान आकडा म्हणजे ती कितवी छपाई. ३ पासून पुढचेच आकडे दिसत असतील तर तिसरी, मग वर 'फर्स्ट एडिशन' लिहिलेलं का असेना. अपवाद रँडम हाऊसचा. त्यांच्या जुन्या पद्धतीत 'फर्स्ट एडिशन' हे शब्द आणि ओळीत सगळ्यात लहान २, असं असेल तर ती पहिलीच छपाई.

आयएसबीएनवरून छपाई कळत नाही, कारण पुनर्मुद्रणातही तो तोच राहतो. पण सालाचा अंदाज येतो. मुळीच नसेल तर पुस्तक बहुतेक १९७० च्या आधीचं, फक्त दहा अंकी असेल तर २००७ च्या आधीचं. जॅकेटच्या, म्हणजे पुस्तकावरच्या सुट्या कागदी वेष्टणाच्या, आतल्या घडीवर किंमत नाही आणि मागच्या पुठ्ठ्यावर तळाशी छोटासा दाबलेला ठिपका किंवा चौकोन आहे, अशी अमेरिकी प्रत बुक क्लबची, म्हणजे सभासदांसाठी वेगळी छापलेली, असते. वाचायला हरकत नाही, पहिल्या छपाईचे पैसे मात्र मोजू नका. जॅकेटचा कोपरा कापून किंमत काढलेली असेल तर शंका घ्या.

ब्रिटिश आणि अमेरिकी अशी दोन रूपं असतात, तिथे लोक फसतात. स्टीव्ह ब्रुसाटी यांच्या २०१८ च्या पुस्तकाचं उपशीर्षक दोन देशांत वेगळं आहे, आतला मजकूर तोच. डॅरेन नेश आणि पॉल बॅरेट यांचं २०१६ चं पुस्तक लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमनेही काढलं आणि स्मिथसोनियननेही. दोन्ही घेऊन बसू नका.

रोजच्या वापराचा संदर्भग्रंथ मात्र नवाच घ्या. 'द डायनासोरिया' हा वाइशांपेल, डॉडसन आणि ओस्मोल्स्का यांनी संपादित केलेला ग्रंथ १९९० चा आहे आणि सुधारून वाढवलेला २००४ चा. कामाला दुसरा. पहिला स्वस्तात पदरात पडला तर टप्प्यांच्या रांगेत लावा. ग्रेगरी पॉल यांच्या प्रिन्स्टन फील्ड गाइडच्या तीन आवृत्त्या आहेत: २०१०, २०१६, २०२४. यातली मधली गाळली तरी चालेल.

---

चित्रवेडी

वरच्या उत्तरात चित्रकारांचा धागा नावापुरताच आलाय, म्हणून थोडी भर.

सुरुवात चार्ल्स नाइट यांच्या 'लाइफ थ्रू द एजेस'ने करा. मूळ १९४६ चं, पण इंडियाना विद्यापीठाने २००१ मध्ये पुन्हा छापलंय आणि ते परवडतं. पुढे झ्देनेक बुरियान. योसेफ आउगुस्टा यांचा मजकूर आणि बुरियानची चित्रं असलेलं 'प्रिहिस्टॉरिक ॲनिमल्स' लंडनच्या स्प्रिंग बुक्सने १९५६ मध्ये काढलं. मोठ्या आकाराचं पुस्तक, आधी मजकूर आणि मागे पानभर चित्रं. ऐंशीच्या दशकातलं हवं असेल तर डेव्हिड नॉर्मन यांचा १९८५ चा सचित्र कोश बघा, जॉन सिबिक यांच्या चित्रांचा. पुढची कितीतरी वर्षं इतरांनी काढलेल्या चित्रांत त्यातल्या प्राण्यांच्या पोझ ओळखू येतात.

अशा पुस्तकांत सगळ्यात मोठा धोका कापलेल्या चित्रांचा. फ्रेम करायला लोक पान काढून घेतात आणि बाकीचं पुस्तक विकून टाकतात. विकणाऱ्याला 'कंडिशन कशी आहे' विचारलंत तर 'एकदम मस्त' हेच उत्तर येणार. त्यापेक्षा चित्रांच्या यादीचा फोटो आणि शेवटच्या चित्राचा फोटो मागा, आणि 'सगळी चित्रं मोजून सांगा' असं लिहून घ्या. प्रत समोर असेल तर ती उजेडाकडे तिरकी धरा आणि दोन पानांच्या मधल्या खोबणीत नजर घाला. ब्लेड मारलेलं असेल तर दोन-तीन मिलिमीटरची पांढरी पट्टी तिथे उभी दिसते. शिवलेल्या पुस्तकात त्याचं जोडपान, म्हणजे त्याच कागदाचं दुसरं अर्धं, बोटाने हलवलं की सैल लागतं. यादी नसेल तर चित्रांखालचे क्रमांक बघत जा. असं मोजायला पाच मिनिटं लागतात, आणि पैसे देण्याआधी मोजायचं असतं.

फुटपाथवर, म्हणजे फोर्ट नाहीतर माटुंग्याला, परदेशी ग्रंथालयांनी काढून टाकलेल्या प्रती पुष्कळ दिसतात. शिक्का आणि खिसा असला तरी आतली चित्रं बहुधा धड असतात, कारण ग्रंथालयाने ती जपलेली असतात. जमवायचं चित्रांसाठी असेल तर शिक्क्याला नाक मुरडू नका. फक्त आपल्याकडच्या बाइंडरने पुन्हा बांधलेली प्रत असेल तर समास मोजा. कडा सारख्या करताना तो यंत्रावर पाच-सात मिलिमीटर सहज उडवतो आणि पानभर चित्राची शेपूट त्यात जाते.

---

लॅमेटा

तिसऱ्या प्रश्नावर. भारताचा धागा धरणार असाल तर एक ध्यानात घ्या: इथे पुस्तकं थोडी आणि शोधनिबंध फार. अर्धा संग्रह सुट्या पुस्तिकांचा, जुन्या अहवालांचा आणि छापून घेतलेल्या पीडीएफचा होणार.

सोप्यापासून सुरुवात करायची तर अशोक साहनी यांचं नॅशनल बुक ट्रस्टने काढलेलं 'डायनासोर्स ऑफ इंडिया', आणि प्रणय लाल यांचं २०१६ चं 'इंडिका'. दुसऱ्यात डायनासोर हा एकच भाग आहे, पण उपखंडाच्या खडकांची सलग गोष्ट एका जागी मिळते.

मूळ कागदपत्रांत पहिला मान लिडेकर यांचा. १८७७ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'रेकॉर्ड्स'मध्ये त्यांनी टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं, जबलपूरच्या हाडांवरून. ती हाडं स्लीमन या ब्रिटिश अधिकाऱ्याला १८२८ मध्ये सापडली होती. मग १९३३ चं फॉन ह्यूने आणि मॅटली यांचं 'पॅलिऑन्टोलॉजिया इंडिका'मधलं मोठं काम, मध्य प्रांतातल्या क्रिटेशियस, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडातल्या, डायनासोरांवरचं. भारताच्या रांगेत सगळ्यात आधी शोधावं ते हेच.

विदर्भाचं म्हणाल तर आपण श्रीमंत आहोत. सिरोंच्याजवळच्या कोटा गावावरून कोटा स्तरसमूहाचं (खडकांच्या थरांच्या एका गटाचं) नाव आलं. त्याच प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात, नदीपलीकडे तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यात, बारापासॉरस टागोराय हा डायनासोर मिळाला (जैन, कुट्टी, रॉय-चौधरी, चॅटर्जी, १९७५). नागपूरचे स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, त्यांचा आणि हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक सोसायटीच्या त्रैमासिकात आला. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे डोंगरगाव आणि पिसदुरा. डोंगरगावचा प्राणी १९९७ मध्ये जैन आणि बंद्योपाध्याय यांनी टायटॅनोसॉरस कोलबर्टाय म्हणून वर्णिला. पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांत (दगड झालेल्या विष्ठेत) गवताचे सिलिकाकण सापडले आणि क्रिटेशियसमध्ये गवत होतं हे त्यातून कळलं. तो निबंध २००५ चा, 'सायन्स'मधला. सापाने डायनासोरच्या घरट्याला वेटोळं घातलेलं हवं असेल तर सनाजेह इंडिकस, २०१० चा 'प्लॉस बायॉलॉजी'मधला निबंध. जीवाश्म गुजरातचं, निबंध फुकट.

नावं बदलत राहतात, म्हणून प्रत्येक पुस्तिकेत एक चिठ्ठी ठेवा. १९३३ चा अँटार्क्टोसॉरस सेप्टेंट्रिओनालिस १९९५ पासून जैनोसॉरस झाला. डोंगरगावचा कोलबर्टाय २००३ पासून आयसिसॉरस. टायटॅनोसॉरस इंडिकस हे नावच २००३ च्या त्याच अभ्यासाने बाद ठरवलं, कारण ज्या शेपटीच्या मणक्यांवर ते उभं होतं त्यांच्यात वेगळेपण उरलं नव्हतं. ही चिठ्ठी नसेल तर एकच प्राणी तीन नावांनी तीन जागी लावला जातो. आणि चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहा, पानावर काही लिहू नका. भारतीय डायनासोरांच्या यादीत राजासॉरस नसेल तर ते पुस्तक २००३ च्या आधीचं समजा.

---

रत्नागिरीकर_वाचक

वा, हे फारच कामाचं. लॅमेटा, फॉन ह्यूने-मॅटलीचं 'नवं पुनर्मुद्रण' ऑनलाइन दिसतंय, कागदी बांधणीत. घेऊ का?

---

लॅमेटा

थांबा. ती मागणीनुसार छापलेली स्कॅनप्रत असण्याची शक्यता जास्त. कुणीतरी जुन्या खंडाचं स्कॅन घेतं आणि ऑर्डर आली की एक प्रत छापतं. मजकूर वाचता येतो, पण अशा निबंधाचा जीव मागच्या प्लेटांत, म्हणजे पानभर चित्रांत, असतो, आणि स्कॅन काळ्या-पांढऱ्यात ढकललेलं असेल तर हाडाच्या जागी काळा डाग छापून येतो. घडीचे नकाशे स्कॅन करताना बहुधा उलगडलेलेच नसतात, त्यामुळे फक्त वरची घडी छापली जाते. आकार बदलल्यामुळे प्लेटेखालचं 'नैसर्गिक आकाराच्या निम्मं' हे प्रमाणही खोटं ठरतं. मोजमापं तिथून उचलू नका.

ओळखायची खूण: पानांच्या फोटोऐवजी एकरंगी किंवा भलतंच निसर्गचित्र असलेलं मुखपृष्ठ, आणि 'मूळ प्रतीतील दोष राहिले असतील' अशी ओळ. आधी सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर आणि इंटरनेट आर्काइव्हवर फुकट प्रत शोधा. एकोणिसाव्या शतकातलं काही हवं असेल तर बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी. प्लेटा मोठ्या रिझोल्यूशनला उतरवून जवळच्या डिजिटल प्रेसमध्ये १७० जीएसएम मॅट कागदावर छापून घ्या. पुनर्मुद्रणापेक्षा बऱ्या येतात. वाचलेले पैसे मूळ खंडासाठी साठवा.

---

खळवाला

चौथा प्रश्न. लोखंडी कपाट असूनही वास येतो, यात नवल काही नाही. बंद कपाटात जी हवा कोंडली तीच सडते. बुरशीला साधारण ६५ टक्क्यांच्या वरची आर्द्रता पुरते आणि कोकणात जून ते सप्टेंबर ती ८० च्या खाली क्वचितच उतरते. आधी पाचशे रुपयांच्या आतला डिजिटल आर्द्रतामापक आणा आणि कपाटाच्या आत ठेवा. अंदाजाने काही करू नका.

मग जागा. बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवू नका, पाच-सात सेंटिमीटर फट ठेवा. खालचा कप्पा जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर. ओल शोषणारं सिलिका जेल आणणार असाल तर ते कपाटात घालून उपयोग नाही, लोखंडी दाराच्या फटीतून दोन दिवसांत भिजून बसतं. मोजकी दुर्मीळ पुस्तकं रबरी कड असलेल्या घट्ट झाकणाच्या ५० लिटरच्या डब्यात ठेवा आणि त्यात पाव किलो जेल टाका. नारिंगी रंगाचं घ्या, निळ्यात कोबाल्ट असतो. रंग उतरला की १२० अंशांवर ओव्हनमध्ये दोनेक तास तापवून पुन्हा वापरा. बाकीच्या कपाटाला कोरडी दुपार सापडेल तेव्हा दार उघडून पंखा.

तुमच्या पुस्तकांचा खरा शत्रू चकचकीत आर्ट पेपर. त्यावर चिनी मातीचा आणि बंधकाचा थर असतो. पान ओलं झालं की तो थर मऊ होतो आणि वाळताना शेजारच्या पानाला धरून बसतो. मग ओढलंत की प्राण्याचा अर्धा चेहरा समोरच्या पानावर. एकदा वाळून चिकटलं की सुटत नाही. म्हणून छप्पर गळून पुस्तक भिजलं तर सहा-आठ तासांच्या आत दोन पानांमध्ये कोरा पांढरा कागद घालत जा, आणि तो ओला झाला की बदला. पुस्तकं जास्त आणि हात कमी असतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सरळ फ्रीझरमध्ये. गोठलेलं पान चिकटत नाही. मग सवडीने एकेक काढा.

कसरीलाही फ्रीझरच. इथे पुस्तक कोरडं हवं. दोन झिप पिशव्यांत हवा काढून बंद करा, उणे १८ अंशांवर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड पुठ्ठ्यावर दव धरतं आणि केलेलं सगळं पाण्यात. बुरशी याने मरत नाही, फक्त झोपते. बुरशीला मास्क लावून, घराबाहेर, कोरडा मऊ ब्रश. डेटॉल, स्पिरिट, ओलं फडकं यांतलं काहीही आर्ट पेपरला लावू नका, चकाकी जाऊन कायमचा चट्टा पडतो.

जॅकेटला शाळेच्या वह्यांना घालतात ते जाड पारदर्शक प्लॅस्टिक नको. ते पीव्हीसी असतं. वर्षा-दोन वर्षांत चिकट होतं आणि जॅकेटची शाई ओढून घेतं. ५० मायक्रॉनची पॉलिएस्टर शीट आणा. जॅकेटच्या उंचीपेक्षा पाच सेंटिमीटर जास्त कापा, वर-खाली अडीच-अडीच आत दुमडा. चिकटपट्टी लावायचीच तर शीटला शीट, जॅकेटला कधीच नाही. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावलात तर काही वर्षांत पिवळा पट्टा. गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ आणि जपानी टिश्यूची चिंधी लावा, पण तेही साध्या कागदावर. आर्ट पेपर फाटला तर फाटलेलाच राहू द्या.

---

चित्रवेडी

आमच्याकडे दसऱ्याच्या आसपास सगळी पुस्तकं उन्हात घालतात आणि मधे वेखंड ठेवतात. तुम्ही दोन्हींना नाही म्हणणार वाटतं?

---

खळवाला

उन्हाला नाही, वाऱ्याला हो. रंगीत छपाईत लाल आणि पिवळा आधी उडतो. म्हणून खिडकीपाशी ठेवलेल्या डायनासोरच्या पुस्तकांच्या पाठी सगळ्या निळ्या पडतात. सावलीत, पंख्याखाली, पुस्तक उभं करून पानं पंख्यासारखी उलगडून ठेवा.

वेखंड ठेवा की, पण मलमलच्या पुरचुंडीत आणि कप्प्याच्या कोपऱ्यात. कागदाला लागलं तर तेलाचा डाग पडतो. त्याने कसर येताना बिचकते, आत असलेली मरत नाही. डांबरगोळ्या मात्र पॉलिएस्टर असो वा साधं प्लॅस्टिक, कव्हरांच्या जवळपास नकोत.

---

पानमोजणी

वजनाचं कुणी बोललं नाही. २५ बाय ३० सेंटिमीटरचं, तीन सेंटिमीटर जाडीचं आर्ट पेपरचं पुस्तक दोन-अडीच किलो भरतं. ९० सेंटिमीटरच्या फळीवर अशी तीसेक मावतात, म्हणजे साठ ते पंचाहत्तर किलो. १८ मिलिमीटरची प्लायची फळी इतक्या लांबीवर वाकते, तेव्हा मधे एक उभा आधार द्याच. ३० सेंटिमीटरपेक्षा उंच पुस्तकं उभी ठेवू नका. पुठ्ठा पानांपेक्षा थोडा मोठा असतो, त्यामुळे आतला गठ्ठा अधांतरी लोंबतो आणि वरच्या बाजूने सांधा फाटतो. आडवी ठेवा, एकावर एक तीनपर्यंत, सगळ्यात जड खाली. घ्यायचं असेल तेव्हा वरची दोन आधी उचलून बाजूला ठेवा. खालचं ओढून काढलंत की जॅकेटची खालची कड गेलीच.